कुलूपवाली स्लॅम बुक: पुठ्ठा पक्का, बाकी सगळं कच्चं

सांगलीत गणपती पेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून ही स्लॅम बुक घेतली. छापील किंमत २९९, मला २५० ला मिळाली. भाचीला वाढदिवसाला द्यायची होती, ती सातवीत आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. हाच माल शेजारच्या दुकानांत वेगळ्या नावाने लावलेला आहे. बदलतं ते फक्त मुखपृष्ठ. कुठे युनिकॉर्न, कुठे पांडा, कुठे आयफेल टॉवर. मी युनिकॉर्नवाली घेतली.

मी दहावीच्या गणिताचे क्लास घेते. सकाळच्या बॅचला एकाच शाळेतल्या सातजणींचा एक ग्रुप होता. यांच्यातल्या एकीची पांडावाली स्लॅम बुक जानेवारीपासून निरोप समारंभापर्यंत माझ्या क्लासमध्ये फिरत होती, प्रिलिमचे पेपर चालू असतानासुद्धा. मलाही भरायला दिली, त्यामुळे रात्रभर ती माझ्या घरी होती. म्हणजे या वस्तूची एक कोरी प्रत आणि एक पूर्ण भरलेली प्रत, दोन्ही मी नीट पाहिल्या आहेत. मुलींची नावं अर्थातच देणार नाही. सोयीसाठी पुस्तकवालीला मालकीणबाई म्हणू. तिच्याशिवाय जिचं पान हलत नाही ती उजवा हात. आणि जूनमध्ये वडिलांची बँकेतली बदली झाली म्हणून लातूरहून आलेली, ती नवी.

आधी वस्तूबद्दल. पुठ्ठा जाड आहे, वर फोम घातलेलं चकचकीत कव्हर. शिलाई दोऱ्याची आहे, नुसती चिकटवलेली नाही, हे फार बरं. सातजणींच्या आणि त्यांच्या वर्गातल्या अजून तीसेक जणींच्या दप्तरांतून फिरूनही पांडावालीचं एकही पान निसटलं नव्हतं. कोपरे मात्र पहिल्याच आठवड्यात सोलले.

कागद पातळ. एवढा पातळ की जेल पेनने लिहिलं तर मागच्या पानावर उमटतं, आणि या वयाच्या मुली जेल पेनशिवाय दुसरं काही हातात धरत नाहीत. बॉलपेनने लिहिलं तर शाई फुटत नाही, पण दाब उमटतो. पान उलटं करून तिरकं धरलं की खालचं वाचता येतं. दुकानात हे कळत नाही, कारण तिथे पानं कोरी असतात. व्हाइटनर लावलं तरी उपयोग नाही. ट्यूबलाइटसमोर पान धरलं की पांढऱ्या ठिपक्याखाली आधीचं नाव स्वच्छ दिसतं. ग्रुपमधल्या चष्मेवालीने 'माय बेस्ट फ्रेंड' या रकान्यात आधी नवीचं नाव लिहिलं होतं. मग काय विचार आला कोण जाणे, त्यावर व्हाइटनर मारून मालकीणबाईंचं नाव घातलं. ते मला दिसलं तसं मालकीणबाईंनाही दिसलं. दुसऱ्या दिवसापासून चष्मेवालीला शेअर रिक्षात पुढे, ड्रायव्हरशेजारची अर्धी जागा. मागची सीट भरलेली असायची, असं सांगितलं जायचं.

आता कुलूप. याच्यावरच तर ही वही विकली जाते. सोनेरी रंगाचं, बोटाच्या पेराएवढं कुलूप आणि दोन किल्ल्या. पांडावालीचं कुलूप मालकीणबाई रोज लावायच्या, एक किल्ली गळ्यातल्या चेनमध्ये, दुसरी घरी. तरीही एका दुपारी रिक्षा स्टँडवर उजव्या हाताने एका पानावरचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ते पान तोवर कुणाला दाखवलेलं नव्हतं. झालं, 'तूच दाखवलंस', 'मी कशाला दाखवू', 'मग तुला कसं कळलं' हे माझ्या क्लासच्या जिन्यात अर्धा तास चाललं. माझ्या पर्समध्ये युनिकॉर्नची किल्ली होती. मी पांडाच्या कुलपात घातली, फिरवली, उघडलं. मग कळलं की उजव्या हाताने आठवड्यापूर्वीच त्याच दुकानातून आयफेल टॉवरवाली घेतली होती. स्वतःला भरून घ्यायला नव्हे. तिची अजून कोरीच होती.

दुकानदाराकडे गेले आणि सगळ्या वह्यांना एकच किल्ली कशी म्हणून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, ते शोभेचं कुलूप हाय. तिजोरी हाय का ती?" त्याचंही चूक नाही. पण मग पाकिटावर 'युअर सिक्रेट्स आर सेफ' असं छापू नये.

कुलूप आणि कागद एक वेळ चालवून घेता येतील. खरी खोट प्रश्नांत आहे. सगळे प्रश्न इंग्रजीत छापलेले, स्पेलिंगच्या चुकांसकट. नाव, टोपणनाव, वाढदिवस, आवडता रंग, आवडता हिरो इथपर्यंत ठीक. खाली मात्र हे आहे: 'माय बेस्ट फ्रेंड' आणि समोर एकच रेघ. 'समवन आय हेट'. 'वन थिंग यू वुड चेंज इन मी'. आणि सगळ्यात शेवटी 'रेट अवर फ्रेंडशिप', दहापैकी.

हे लिहून बंद पाकिटात टाकायचं असतं तर गोष्ट वेगळी. वही पुढच्या मुलीकडे जाते तेव्हा ती आधी मागची सगळी पानं वाचते, मग आपलं लिहिते. मला भरायला दिली तेव्हा मालकीणबाईंनी 'दुसऱ्यांची पानं वाचू नका हं मॅडम' असं म्हटलं नाही. "आधी सगळ्यांची वाचा, मग तुमचं भरा," असंच म्हणाली. म्हणजे उत्तर मालकिणीला दिल्यासारखं दिसतं, पण ते असतं सगळ्या रांगेसाठी. आणि शाई पुसता येत नाही, ते वर सांगितलंच.

'बेस्ट फ्रेंड'समोर एकच रेघ असली की काय होतं, ते मी मागच्या कागदावर मांडून पाहिलं. सवय, दुसरं काही नाही. सात मुली म्हणजे सात ठिपके. प्रत्येकीने एकच नाव लिहायचं, म्हणजे सात बाण. आठवा बाण कुठून येणार नाही. या वहीत मालकीणबाईंकडे चार बाण गेले होते. उरले तीन, तेही सहाजणींत. कसेही वाटा, निदान तिघींच्या वाट्याला शून्य येणारच. यात कुणी दुष्ट असायची गरज नाही, बेरीजच तशी आहे. मालकीणबाईंनी स्वतःच्या पानावर उजव्या हाताचं नाव घातलं होतं, त्यामुळे ती परस्पर जोडी जमली. एक बाण चष्मेवालीला गेला होता, पण ज्या मुलीकडून आला तिच्याकडे चष्मेवालीचा गेला नव्हता. नवीकडे एकही नाही. व्हाइटनरखालचा धरायचा की नाही, हा प्रश्न मी सोडून दिला.

एम.एस्सी.ला आम्हाला आलेखसिद्धान्त, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं गणित, होता, तेव्हापासून या बाणांची मला खोड आहे. हे बाण काढायची पद्धतसुद्धा मुलींच्याच शाळेशी जोडलेली आहे. न्यूयॉर्क राज्यात हडसन या गावी मुलींसाठी एक सुधारशाळा होती. १९३२ साली तिथून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. जेकब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञाने मुलींना तुला कुणाबरोबर राहायला आवडेल असं विचारलं, उत्तरांचे बाण काढले, आणि पळण्याची लाट कुणाकडून कुणाकडे गेली ते त्या जाळ्यावरून समजावून दिलं. १९३४ साली त्याचं पुस्तक आलं. पण त्याच्या प्रश्नाला काही कारण होतं: उत्तरांवरून कुठली मुलगी कुठल्या घरात राहील ते ठरवायचं होतं. आमच्या स्लॅम बुकवरून ठरतं काय? रिक्षात मागे कोण आणि पुढे कोण.

अजून एक, मग परत वहीकडे येते. स्कॉट फेल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९९१ साली एका अमेरिकन हायस्कूलमधल्या मुलींच्या मैत्रीची जुनी आकडेवारी काढली. ती जेम्स कोलमन यांनी १९६१ साली छापलेल्या अभ्यासातली होती. १४६ मुलींपैकी ८० जणींना त्यांच्या मैत्रिणींच्या सरासरीपेक्षा कमी मैत्रिणी होत्या. कारण अगदी सोपं आहे. जिला पुष्कळ मैत्रिणी असतात ती पुष्कळजणींच्या यादीत येते, म्हणून बऱ्याचजणींना आपल्या आसपास आपल्यापेक्षा लोकप्रिय मुली दिसतात. हे कागदावर कळायला दोन मिनिटं लागतात. पंधराव्या वर्षी रिक्षात पुढे बसून कळत नाही. आणि ही वही तर तो हिशेब उघड लिहून हातात देते.

आता नवीबद्दल, कारण 'वन थिंग यू वुड चेंज इन मी' हा प्रश्न किती वाईट आहे ते तिच्यामुळे कळलं.

नवीचं अक्षर सुंदर आहे. म्हणजे खरोखरच; माझ्या क्लासचा बोर्ड तिनेच रंगवला. ग्रुपमध्ये तिला घेतलं तेही त्यासाठीच. स्लॅम बुकची पहिली पानं, अनुक्रमणिका, प्रत्येकीचं नाव कमानीत, वेलबुट्टी, रंगीत सावल्या हे सगळं तिने करून दिलं. ते चालू होतं तोवर मालकीणबाई तिच्या गळ्यात हात टाकून चालायच्या, "हिच्याशिवाय आमचं काही खरं नाही मॅडम" असं मलाही ऐकवायच्या. उजवा हात मागून दोन्ही दप्तरं घेऊन यायचा. त्याच आठवड्यात तिने आयफेल टॉवरवाली घेतली, हे मी नंतर तारखा जुळवून ताडलं.

मग नवीची भरायची पाळी आली. मालकीणबाई म्हणाल्या, "खरं खरं लिही हं, मला खोटं आवडत नाही." बाकी सगळ्यांनी त्या प्रश्नापुढे एकच लिहिलं होतं: काही बदलू नकोस, तू परफेक्ट आहेस. खाली बदामांची रांग. उजव्या हाताचं उत्तर तर सगळ्यात लांब, पुढच्या रकान्यात सांडलेलं, आणि दहापैकी अकरा. नवीने लिहिलं: "कुणी रडायला लागलं तरी तू चिडवायचं थांबवत नाहीस, ते थांबव. बाकी तू खूप चांगली आहेस." आणि दहापैकी साडेनऊ.

हेच ते वाक्य, जे रिक्षा स्टँडवर म्हणून दाखवलं गेलं. अर्थात पहिलाच भाग. 'बाकी तू खूप चांगली आहेस' हे तिकडे पोचलं नाही.

नवीशी कुणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर एका परीने बरं, दुसऱ्या दिवशी बट्टी करायला जागा राहते. सगळ्या तिच्याशी फार गोड बोलायला लागल्या. सतरंजीवर ती बसायला आली की "बस ना" म्हणायच्या, आणि ती बसली की एकेक करून पाणी प्यायला उठून दुसरीकडे बसायच्या. एका शनिवारी तिला सांगितलं, उद्याचा जादा क्लास नाही, मॅडम मिरजेला लग्नाला गेल्यात. मी घरीच होते. रविवारी सहाजणी आल्या, माझ्या बोर्डासमोर ग्रुप फोटो काढला, नवीने रंगवलेल्या बोर्डासमोर, आणि सोमवारी तिच्या आईचा फोन आला की मॅडम लग्न कसं झालं. तेव्हापासून क्लासच्या वेळा मी स्वतः पालकांच्या ग्रुपवर टाकते. मुलींना काही बोलले नाही. फक्त तो रविवारचा जादा क्लास मंगळवारी परत घेतला, सगळ्यांना सक्तीचा.

उजव्या हाताला खलनायिका करून टाकणं सोपं आहे. पण तिचंही पान मी वाचलंय. 'माय बिगेस्ट फियर' या रकान्यात बाकीच्यांनी पाल, अंधार, बोर्डाचा रिझल्ट असं लिहिलंय. तिने लिहिलंय, "तू अकरावीला पुण्याला गेलीस तर." तिसरीपासून ती मालकीणबाईंचं दप्तर उचलते आहे. एवढ्या वर्षांची सेवा, आणि चांगल्या अक्षराची एक मुलगी येऊन दोन आठवड्यांत गळ्यात हात मिळवते. मला तिचा राग येतो आणि ते पान आठवलं की कमी होतो, इतकंच.

आणि मालकीणबाईंचं? गॅदरिंगमधल्या नाचात ती मधोमध होती, आठवीपासून. त्याआधी तिला कुणी फारसं ओळखत नसे, असं तिची आई म्हणते. डॉना ईडर या संशोधक बाईंनी एका अमेरिकन मिडल स्कूलमध्ये जेवणाच्या सुट्टीत मुलींच्या टेबलांशी बसून निरीक्षण केलं आणि १९८५ साली लिहिलं: चीअरलीडर, म्हणजे सामन्यात नाचून शाळेच्या संघाला जोर देणाऱ्या, झालेल्या मुली एकदम सगळ्यांना हव्याहव्याशा होतात, पण मैत्रीचा हात पुढे करणाऱ्या प्रत्येकीला त्या प्रतिसाद देऊ शकत नाहीत, आणि थोड्याच दिवसांत त्याच मुलींना 'शिष्ट' म्हणून नावडती केलं जातं. चीअरलीडरच्या जागी गॅदरिंगचा नाच घाला, बाकी काही बदलावं लागत नाही. फेब्रुवारीत एकदा बॅच सुटल्यावर ती मागे राहिली. वही मिटली, उघडली, परत मिटली. "मॅडम, मी घमेंडी आहे का?" मी विचारलं कोण म्हणालं, तर म्हणाली कुणीच नाही, पण सगळ्या एकसारखंच का लिहितात? चाळीसेक पानांवर 'तू परफेक्ट आहेस' वाचून त्या मुलीला शंका यायला लागली होती, हे मला आवडलं. मी म्हटलं, एकीने वेगळं लिहिलंय की. ती गप्प राहिली. मग त्रिकोणमितीचं राहिलेलं उदाहरण विचारलं, आम्ही ते सोडवलं.

पुढे त्या दोघींची मैत्री झाली वगैरे नाही. बोर्डाच्या परीक्षेत केंद्रावर नवी वेगळ्या रिक्षाने यायची. निरोप समारंभाला साड्यांचे रंग ठरले तेव्हा तिला रंग बरोबर सांगितला होता, एवढी प्रगती. चष्मेवाली तिच्याशेजारी उभी होती, असं फोटोत दिसतं.

तर, घ्यावी का? पुठ्ठ्याला आणि शिलाईला एक तारा. वाढदिवस आणि फोन नंबरच्या पानाला एक तारा; ते पान वीस वर्षांनी कामाला येईल, माझ्या स्वतःच्या जुन्या वहीतलं आलं. कुलपाला, कागदाला आणि मागच्या पानावरच्या प्रश्नांना काही नाही. पाचपैकी दोन. लेकीने हट्टच धरला तर घ्या, पण बॉलपेनसुद्धा द्या आणि 'बेस्ट फ्रेंड'च्या एका रेघेखाली आधीच अजून चार रेघा आखून ठेवा. मी पट्टीने आखून पाहिल्या, बसतात.

त्यापेक्षा दोनशे पानी लाँगबुक घ्या. निम्म्याहून कमी पैशात येतं, कागद जाड असतो. माझ्या दुपारच्या बॅचच्या मुलींनी या वर्षी तेच केलं आणि प्रश्न स्वतः काढले. त्यातले दोन मला पटले: 'आपण पहिल्यांदा कशावरून बोललो?' आणि 'माझी कुठली वस्तू तुझ्याकडे राहिली आहे?' दुसऱ्या प्रश्नामुळे एक कंपास, दोन पुस्तकं आणि कुणाच्या तरी आईचा डबा परत मिळाला. तिसरा प्रश्न 'मॅडमचं काय आवडत नाही' असा होता. तो मी वाचला नाही, असं त्यांना वाटतं.

भाचीला शेवटी रंगपेटी दिली. युनिकॉर्नवाली माझ्याकडेच आहे, तिच्यात क्लासची फी लिहिते. नाव, फोन, जन्मतारीख हे रकाने आयते मिळाले. 'समवन आय हेट'समोर ज्यांची फी तीन महिन्यांपासून थकली आहे त्यांची नावं आहेत, आणि कुलूप लावत नाही.